दुसरी सही

रावपुऱ्यात, पोस्टासमोरच्या जिन्यानं वर,
एकतीस वर्षं मी लोकांची अपिलं टाईप केली.
मजकूर इंग्रजी, बोटं त्याची गुलाम,
मनात मात्र मी मराठीत वाचत जायचे :
अपीलकर्ता नम्रपणे सादर करतो की.
आज पहिल्यांदा अडले. करतो नाही,
करते.

अहमदाबादच्या न्यायाधिकरणानं निकाल दिला आहे :
टिपणीस पॅकेजिंग, मकरपुरा जीआयडीसी, हिचं कर्ज
कंपनीनं, संचालक श्रीरंगनं आणि जामीनदार मंजुळानं
एकत्र आणि वेगवेगळं फेडायचं आहे.
एकत्र आणि वेगवेगळं.
आमच्या घराचं वर्णन इतक्या थोडक्यात
आजवर कुणाला जमलं नव्हतं.

सत्तेचाळीस लाख अठरा हजार, वर व्याज.
माझी कारेलीबागेतली दीड खोली,
एक एफडी, आईच्या पाटल्या.
मुंबईला अपील करायचं तर अर्धी रक्कम आधी भरा,
मग म्हणा, देणं माझं नाही.
फार विनवलं तर पाव.
खालून चहावाला ओरडतो, बेन, आखी के अडधी?
अडधी, मी म्हणते, रोजच्यासारखं,
आणि हसू येतं ते कुणाला सांगता येत नाही.

पहिल्या हमीपत्रावरची सही माझी आहे.
दहा लाखांची. त्या दिवशी श्रीरंगनं सगळ्यांना सेवउसळ चारली,
बँकेच्या शिपायालासुद्धा.
ती मी नाकारत नाही.
पण दोन वर्षांनी मर्यादा वाढवली
त्या कागदावरची पाहा, साहेब.
माझ्या ळचं दुसरं वेटोळं उघडं राहतं,
शाळेपासून. बाई म्हणायच्या, मंजुळा, दार लाव.
इथे दार लावलेलं आहे.
इतकी नीटनेटकी मी कधीच नव्हते.

पंड्यासाहेब चष्मा वर सरकवतात : मुद्दा चांगला आहे.
कलम आहे, निवाडे आहेत, हस्ताक्षरतज्ज्ञ बोलावू.
मग हळूच : पण ते विचारणार, मंजुळाबेन,
तुमची नाही, तर कोणाची?

सातवीत मला गणितात बावीस पडले.
प्रगतिपुस्तकावर बाबांची सही श्रीरंगनं केली,
न्हाणीघरात, उजेडापुरतं दार किलकिलं ठेवून,
आधी वर्तमानपत्राच्या कडेला चार वेळा गिरवून.
अशी हुबेहूब, की पुढे बाबांनीच ती पाहिली
आणि म्हणाले, हो, आठवतंय.
मी त्याला माझ्या वाटचा लाडू दिला होता.
हे कुठल्या परिच्छेदात घालू?
मुद्दा ग, की मुद्दा घ?

निकालानंतर तो एकदा आला.
दाराशीच उभा, चपला न काढता.
म्हणाला, तू अपील कर. माझं काय ते मी बघतो.
आत ये, म्हटलं. नको, म्हणाला, रिक्षा थांबवलीय.
खिडकीतून पाहिलं तर चालत निघाला होता,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.

आज अठ्ठाविसावा दिवस. तिसाव्याला मुदत संपते.
टाईप केलं :
उक्त दस्तऐवजावरील सही अपीलकर्तीची नाही.
पूर्णविराम दिला. त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला.
साहेब मागे उभं राहून वाचत होते, बोलले काही नाहीत,
फक्त पंखा कमी केला,
कागद उडत होते म्हणून.

सव्वीस पानं. प्रत्येकाच्या तळाशी सही हवी.
नऊ पानं हात आपसूक चालला.
दहाव्यावर लक्षात आलं, मी ळकडे बघत लिहिते आहे,
उघडा ठेवायचा, उघडा ठेवायचा, असं घोकत,
आणि तो मुद्दाम उघडल्यासारखा दिसतो.
पाहणारा म्हणेल, ही खोटी आहे.

अकरावं पान घेतलं.